सकाळची शुगर नॉर्मल आली तरी दुपारची बघाच

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या घरात सगळ्यांचं लक्ष क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि टॅक्रोलिमस (किडनी रिजेक्ट होऊ नये म्हणून घ्यायचं औषध) यांच्या लेव्हलवर असतं, ते असायलाच हवं, पण शुगर मागे राहते.

दादाला आईने किडनी दिली. आमच्याकडे कुणालाच डायबिटीस नाही, दादाची उपाशीपोटीची शुगर 94, 97 अशीच यायची त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. मग डॉक्टरांनी दुपारी जेवल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघायला सांगितलं तर 238! प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतात ना, तिचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत असतो आणि रात्रीत तो उतरतो, म्हणून सकाळचा रिपोर्ट छान दिसतो. स्टेरॉइडमुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, लिव्हर जास्त साखर सोडतं, त्यात टॅक्रोलिमसमुळे इन्सुलिनच कमी तयार होतं. एचबीएवनसीवरही (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) पहिले काही महिने फार विसंबू नका, रक्त कमी असेल किंवा चढवलं असेल तर तो आकडा फसवा येतो.

आणि ती भूक! डायलिसिस चालू होतं तेव्हा पाणी मोजून प्यायचं, भाज्या उकळून त्यांचं पाणी फेकायचं, असं सगळं काढलेला माणूस, त्याला आता मिसळ समोर आली की पाव थांबत नाहीत, सीझनला द्राक्षांची पेटी आली की येताजाता घोस उचलतो, रात्री अकराला डबे उघडतो. ही भूक गोळीची आहे, त्याला खादाड म्हणू नका प्लीज. गालही स्टेरॉइडनेच फुगतात आणि भेटायला आलेले लोक म्हणतात "वा, तब्येत सुधारली हो", तेव्हा दादाचा चेहरा बघवत नाही.

हे सगळं वाचून कुणी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हात जोडून सांगते. किडनी रिजेक्ट होऊ शकते, शिवाय शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरात तयार होणारं स्टेरॉइड, मंदावलेलं असतं, एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. दादा आता 5 मिलिग्रॅमवर आलाय, शुगर बरीच खाली आली पण पूर्ण गेली नाही, शुगरच्या गोळ्या चालू आहेत, संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आम्ही दोघं चालतो. कोलेस्टेरॉल आणि बीपीही स्टेरॉइडने वाढतं, तेही तपासत राहायचं.

ओपीडीला जाताना शुगरची वही न्या, आणि आकड्याशेजारी जेवण किती वाजता झालं, गोळी किती वाजता घेतली तेही लिहा, डॉक्टरांना औषध बसवायला त्याचाच उपयोग होतो.