एवढा मीपणा कसा ऐकवतो तुम्हाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लोकलमध्ये विचारलंत, ऑफिसात विचारलंत, मेव्हण्याने तर गणपतीत आरती संपल्या संपल्या विचारलं, की दाजी, केस पांढरे झाले आणि अजून ते रॅप काय ऐकता, ते लोक सारखं मी असा अन् मी तसा करत असतात!

पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असायचं. रॅप, हिप हॉप म्हणजे विद्रोह, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये एक्सप्रेसवेसाठी वस्त्या उठवल्या, काही मालकांनी विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्या बिल्डिंगी जाळवल्या, तिथे १९७३ ला हे सुरू झालं, आपल्या शाहिरीसारखंच वगैरे. खोटं काहीच नाही त्यात, पण ते मी तुमच्यापुढे इज्जत राहावी म्हणून सांगायचो. मला तो मीपणाच आवडतो.

बाबा मुंबईच्या गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ चा डॉक्टर दत्ता सामंतांचा संप, पुढचं तुम्हाला माहितीये. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे कागदोपत्री तुम्ही अजून संपावरच आहात असं मी बाबांना म्हणतो, ते हसत नाहीत.

मी कॉलेजात असताना गावाला चुलतबहिणीचं लग्न होतं. पंगतीत बाबा जिलबी वाढत होते, मागून मी मठ्ठा घेऊन. आत्याचे यजमान, बँकेतले, ताटावरून मान वर न करता शेजारच्या पाहुण्याला मोठ्याने म्हणाले, "हे आमचे मेव्हणे, डॉक्टरांच्या नादाला लागून नोकरी घालवली आणि वहिनींच्या पोळ्यांवर दिवस काढले." दोनचार जण हसले. बाबाही हसले हो! आणि म्हणाले, "घ्या ना अजून एक." माझ्या हातातली किटली थरथरत होती. मला सांगायचं होतं की हा माणूस चालत्या चात्यावर तुटलेला धागा बघता बघता जोडायचा, भोंग्याच्या आधी गेटवर असायचा, उसने घेतलेले सगळे पैसे फेडलेत त्याने. पण आमच्या घरात स्वतःबद्दल चांगलं बोलणं म्हणजे उर्मटपणा, त्यामुळे तसं वाक्य सुरू कसं करतात तेच मला येत नव्हतं. मी मठ्ठा वाढला. त्यांनाही वाढला.

नंतर कधीतरी फोर्टच्या फुटपाथवरून एमपीथ्री सीडी घेतली, त्यात ग्रँडमास्टर फ्लॅशवाल्यांचं 'द मेसेज' हे रॅप होतं, तेही १९८२ चंच निघालं. काचा, उंदीर, झुरळं, वसुलीवाले, अगदी स्टेशनवरचा संपसुद्धा आहे त्यात. आवडलं, पण खरं लागलं ते १९९४ चं बिगीचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरचं 'ज्यूसी'. गरिबी सांगतोय आणि त्याच दमात फुशारकी मारतोय, तू काही होणार नाहीस म्हणणाऱ्या मास्तरांना नाव न घेता सुनावतोय, आईला आता माझा अभिमान वाटतो म्हणतोय. कल्याण लोकलच्या दारात लटकून मी ते ऐकलं आणि मला एकदम ती पंगत आठवली. असं बोलता येतं तर! पुढे २०१४ ला कुर्ल्याच्या नेझी या रॅपरचं 'आफत' आलं तेव्हा तर पोरगं आपल्याच लाईनवरचं निघालं.

आता तुम्ही म्हणाल, बाबांचं मोठेपण गप्प राहण्यातच होतं. मीसुद्धा बरीच वर्षं असंच म्हणायचो, भाषणात छान वाटतं. बाबांना विचारलं तर म्हणतात मला आठवत नाही ते लग्न. मला नाही पटत.

आणि हो, बायकांबद्दल जे घाण बोलतात ते? ते आहेच, पुढचं गाणं लावतो मी मुलगी खोलीत आली की. ती म्हणते, बाबा, ज्यांना त्या गाण्यांत शिव्या पडतात त्यांनी कुणाचं रॅप ऐकायचं? मी तिला बायकांची नावं दिली, लॉरिन हिल, क्वीन लतिफा. ती म्हणाली, हो पण तू तर ती ऐकत नाहीस. थोडी ऐकतो. बिगी जास्त ऐकतो.