मनोरीच्या वाडीत दोन रात्री: हॅमॉक, घूस आणि सॅकचं शिंकं

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधलेल्या कापडी झोळीत, झोपायचं तर रात्री सॅक कुठे ठेवायची? आधी थेट उत्तर देतो. हॅमॉक बांधाल तिथे जवळ घर असेल, घराला पडवी असेल आणि घरातली माणसं ओळखीची असतील, तर रात्री सॅक पडवीत ठेवा आणि निवांत झोपा. एवढ्याने ज्यांचं भागतं त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. आमचं भागलं नाही.

२०२४ मध्ये २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. सलग तीन दिवस सुट्टी म्हणजे कर्जत-कसारा पट्ट्यात जत्रा असणार आणि लोकलमध्ये सॅक टेकायला जागा मिळणार नाही, हे ओळखून आम्ही दोघांनी मुंबईबाहेर पडायचंच नाही असं ठरवलं. मित्राच्या ओळखीतल्या एका मावशींची मालाडच्या खाडीपलीकडे, मनोरीला वाडी आहे. नारळ, चिकू, पाच-सहा जुने आंबे, मागे विहीर. फोन केला तर म्हणाल्या, "या की. पण घर सोडून झाडाला कशाला लटकताय?" याचं उत्तर आम्हाला दोन रात्रींत नीट देता आलं नाही.

मुंबईच्या हद्दीत झाडाखाली रात्र काढायची म्हटली की बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि आरे आधी आठवतात. तिकडे आपल्या मनाने हॅमॉक बांधायला जाऊ नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय शंभरेक चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात बिबटे आहेत आणि ते रात्रीच हिंडतात. मनोरीत पुळणीवरच्या सुरूंना हॅमॉक बांधायचा मोह आम्हालाही झाला. पण आदल्याच दिवशी पौर्णिमा झालेली, म्हणजे मध्यरात्रीनंतर मोठी भरती. आणि उघड्यावर सॅकची राखण करत जागायचं तर हॅमॉक वाहून न्यायची गरजच काय? वाडीच बरी.

जायची वाट सोपी आहे. मालाड पश्चिमेहून बेस्टची २७२ मार्वेला सोडते, तिथून मनोरीची बोट. बोटीत माणसांबरोबर मोटरसायकलीही चढतात, त्यामुळे सॅक पाठीवरून काढून पुढ्यात घ्या, नाहीतर वळताना कुणाच्या तरी आरशात पट्टा अडकतो. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, दोन्ही काठांना चिखल उघडा पडलेला. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून ठेवा. बोट चुकलीच तर भाईंदर-उत्तनचा रस्ता आहे, पण तो वळसा मोठा पडतो. सुटे पैसे जवळ असू द्या.

वाडीत सगळ्यात सरळ, मोजून लावल्यासारखी झाडं म्हणजे नारळ, आणि नेमकं तिथेच बांधायचं नाही. वरून नारळ पडतो, झावळी पडते, आणि कापडात गुरफटलेल्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. आम्ही आंबे निवडले. आंब्यावर पानं शिवून केलेली घरटी दिसली तर ते झाड सोडून द्या, आत तांबडे मुंगळे असतात. झाडाला दोरी नको, निदान इंचभर रुंद पट्टा हवा, म्हणजे साल कापत नाही. पट्ट्याचा कोन आडव्याशी साधारण ३० अंश ठेवला तर ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोच ताण येतो. तोच पट्टा खेचून १५ अंशांवर आणला की ताण १३५ किलोच्या घरात जातो. हा हिशोब मुद्दाम सांगतोय, सॅक टांगताना तो पुन्हा उपयोगी पडतो.

पहिल्या रात्री मित्राने शहाण्यासारखी सॅक पडवीत ठेवली. मी मात्र हट्टाने हॅमॉकच्या खालीच, प्लास्टिकच्या कापडावर, वर रेनकव्हर घालून. हात खाली सोडला की सॅक हाताला लागते, रात्री काही हवं तर उठायला नको, असा माझा विचार. बरोबर ५० लिटरची सॅक, सामान धरून ९ किलो.

दोनच्या सुमाराला मित्राला थंडी वाजायला लागली. ज्यांनी हॅमॉक फक्त दुपारच्या झोपेला वापरलाय त्यांना हे पटत नाही, पण हॅमॉकमध्ये थंडी खालून लागते. पाठीखालचं पांघरूण दबून पातळ होतं आणि खालून वारा फिरत राहतो. समुद्राकाठी जानेवारीत तेवढंही पुरतं. पाठीखाली कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळता येणारी फोमची चटई, घ्या, विषय संपला. आमच्याकडे ती नव्हती. त्याचा स्वेटर सॅकमध्ये, सॅक पडवीत, आणि पडवीत मावशींचा कुत्रा. संध्याकाळी याच कुत्र्याने त्याच्या हातून अख्खा पाव खाल्ला होता. रात्री त्याने ओळख दाखवली नाही. तो भुंकला, त्याचं ऐकून शेजारच्या वाडीतले भुंकले, घरातला दिवा लागला, मावशींनी आतून "कोण रे?" विचारलं, आणि मित्र हात वर करून स्वेटरशिवायच परत आला. मी तोंडावर चादर घेऊन हसत होतो.

अर्ध्या तासाने माझी पाळी आली. खर्र, खर्र, थांबून परत खर्र. आधी वाटलं मित्र घोरतोय. मग आवाज खालून येतोय हे लक्षात आलं. चांदणं चांगलं होतं, टॉर्च न लावताच दिसलं: मांजराच्या पिल्लाहून मोठी घूस, मागच्या पायांवर बसलेली, पुढच्या दोन पायांत माझ्या सॅकच्या कमरपट्ट्याचा खिसा धरलेला. कणीस खातो तसा. त्या खिशात चिक्कीचा रिकामा कागद होता. चिक्की मी बोटीतच संपवली होती, कागद कचऱ्यात टाकू म्हणून ठेवलेला. मी टाळी वाजवली. ती पळालीसुद्धा नाही, खाली उतरून, सावकाश, विहिरीच्या बाजूला चालत गेली. खिशाला दोन बोटं जातील एवढं भोक.

भोकाचं एवढं नाही वाटलं. पण त्याच प्लास्टिकवर माझ्या सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची, तोंडाने पाणी ओढायची नळी लोळत होती. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि २००५ च्या पुरानंतर त्याने मुंबईत काय केलं ते आपल्याला माहीत आहे. सकाळी नळी उकळत्या पाण्यातून काढली, तरी उरलेले दोन दिवस मी बाटलीनेच पाणी प्यायलो. सॅक जमिनीवर ठेवण्यावर माझा खरा आक्षेप हा आहे. मुंग्या, ओल, वाळू हे सगळं चालवून घेता येतं. पण जी वस्तू आपण तोंडाला लावतो किंवा उशाला घेतो ती रात्रभर उंदरांच्या वाटेवर नको.

सकाळी मावशींनी भोक पाहिलं. हळहळल्या वगैरे नाहीत. "शिंक्याला टांगायचं ना," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात नेऊन आढ्याकडे बोट दाखवलं. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं पटलं, ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करायला आलेली. वापरातलं शिंकं, म्हणजे आढ्याला टांगलेली दोरीची जाळी, मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यात सुक्या बोंबलांचा डबा. आणि डब्याच्या वर हातभर अंतरावर, दोरीत ओवलेली अर्धी करवंटी, पालथी, घुमट वर. "उंदीर दोरीवरून उतरतो," मावशी म्हणाल्या, "करवंटीपाशी आला की घसरतो." बंदराला लागलेल्या जहाजांच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल चकत्या बसवलेल्या असतात, त्या याचसाठी. इथे तेच काम नारळ करत होता.

दुपारभर आम्ही सॅकचं शिंकं करत बसलो. करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने सहज उघडतो. त्यातून चार मिलिमीटरची नायलॉनची दोरी ओवायची आणि करवंटीच्या आतल्या बाजूला गाठ मारायची, म्हणजे ती खाली सरकत नाही. दोरीच्या खालच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी. तो सॅकच्या वरच्या हँडलमध्ये एकट्यात अडकवू नका, हँडलची शिवण उसवते. दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांतून स्लिंग, म्हणजे शिवलेल्या पट्टीचा फास, घालून तिच्यात अडकवा.

कुठे टांगायची यात मात्र दोनदा चुकलो. आधी हॅमॉकच्याच पट्ट्यावर, पायाकडच्या बाजूला टांगली. कुशीवर वळलो की सॅक झुलून खोडावर ढप्प, आणि ती झुलली की मी हलणार. मग डोक्यावर ताडपत्रीसाठी ताणलेल्या दोरीच्या मधोमध टांगून पाहिली. इथे तो मघाचा हिशोब: ताठ दोरी ९ किलोच्या वजनाने फक्त ५ अंश झुकत असेल तर दोन्ही टोकांना प्रत्येकी ५० किलोच्या वर ओढ बसते. दोरी तुटली नाही, पण गाठ इतकी आवळली की शेवटी कापावी लागली. ही दोरी चष्मा आणि मोजे टांगायला चांगली, सॅकला नाही. शेवटी डोक्याकडच्या आंब्याची मनगटाहून जाड, जिवंत फांदी निवडली, खोडापासून तीनेक फूट लांब, आणि सॅकचा तळ कमरेच्या वर राहील असं टांगलं. हॅमॉकमधून हात लांब केला की सॅक लागते, पण वळताना लागत नाही.

टांगण्याआधी सॅकमधून दोन गोष्टी निघाल्या पाहिजेत. एक, खायचं आणि वास येणारं सगळं. चिक्कीच्या कागदापासून टूथपेस्टपर्यंत. हे स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकणाच्या. प्लास्टिकचा डबा घूस कुरतडते. डबा सॅकमध्ये परत ठेवायचा नाही, तो वेगळा टांगायचा किंवा घरात द्यायचा. दुसरं, रात्री लागणाऱ्या वस्तू: टॉर्च, स्वेटर, चष्मा, औषधं, पाण्याची बाटली, फोन, पाकीट, किल्ल्या. या मच्छरदाणीच्या आत, आपल्याबरोबर. टॉर्च गळ्यात, कारण अंधारात टॉर्च शोधायला टॉर्च नसतो. बाकीचं एका छोट्या पिशवीत पायाशी. अख्खी सॅक हॅमॉकमध्ये पायाखाली घेऊन झोपणारेही आहेत. मी तासभर करून पाहिलं, गुडघे उलटे वाकतात.

बूट पण टांगा, तळवे वर करून. जमिनीवर राहिले तर सकाळी आपटून, आत टॉर्च मारून मगच पाय घाला. विंचू असतो, आणि मण्यार रात्रीच फिरते.

दुसऱ्या रात्री घूस आली असेल तर मला कळलं नाही. मुंग्या मात्र आल्या. अकराला पाहिलं तर फांदीवरून दोरीवर रांग लागलेली, करवंटीचा घुमट ओलांडून आतल्या गाठीपर्यंत. मुंगीला घसरणं माहीत नाही. मावशींकडून निलगिरीचं तेल घेऊन चिंधी भिजवली आणि करवंटीच्या वर दोरीला बांधली. रांग वळली. तेल उडून जातं, त्यामुळे एका रात्रीपुरताच हा उपाय.

पहाटे दव पडलं. रेनकव्हर वरून भिजलं, आत कोरडं. पण रेनकव्हर सॅकची पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि ती गादी दव पिऊन जड झाली. पुढच्या वेळी कचऱ्याची मोठी काळी पिशवी टोपीसारखी वरून खाली घालणार, टोकाला दोरीपुरतं भोक पाडून. करवंटीचा एक अनपेक्षित फायदा: दोरीवरून ओघळणारं पाणी तिच्या काठावरून थेंब थेंब रेनकव्हरवर गळत होतं, दोरीवरून थेट सॅकच्या तोंडाशी नाही. पावसाळ्यात हॅमॉकच्या पट्ट्यांनाही ताडपत्रीच्या आत सुतळीचा एकेक तुकडा बांधतात तो यासाठीच. पाणी सुतळीवरून खाली उतरतं, अंथरुणापर्यंत येत नाही.

माणसांचं काय? वाडीत प्रश्न आला नाही. पण रस्त्यालगतच्या जागी मी मेलगाडीत सीटखाली लावतो ती साखळी सॅकमधून घेऊन खोडाला कुलूप लावेन. आणि माथेरानसारख्या ठिकाणी करवंटी, शिंकं सगळं व्यर्थ आहे. तिथली माकडं उजाडताच येतात आणि सॅकची चेन उघडतात. तिथे पहाटेच सॅक उतरवा आणि जवळ घेऊन बसा.

निघताना मावशींनी सुके बोंबील बांधून दिले. ते सॅकमध्ये ठेवू नका म्हणून मी अख्खा वृत्तांत लिहिला, आणि ठेवले सॅकमध्येच. करवंटी वर कॅराबिनरला लटकवली. मालाडला गाडीत समोरच्या काकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, "नजर लागू नये म्हणून का?"

मी हो म्हणालो.