मालगुजाराचा वाडा: आधी माप, मग मालक

मालगुजाराच्या, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या गावमालकाच्या, वाड्याची नोंद करायला बसलं की बहुतेक जण घराण्याच्या इतिहासापासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात. ‘दोनशे वर्षांचा वाडा’ विदर्भात दर चौथ्या गावात आहे. म्हणून आधी वाड्यालाच विचारावं.

मोजणीला ३० मीटरची टेप, ओळंबा, दोरी आणि दोन माणसं पुरतात. लेझर मीटर ढेलजेत (दरवाज्यालगतच्या ओसरीत), माजघरात छान चालतं. चौकात उन्हात त्याचा ठिपकाच दिसत नाही. भिंत तुकड्यातुकड्यानं मोजू नये. टेपचं शून्य एका कोपऱ्यावर धरून प्रत्येक खांब, दार, कोनाडा त्याच टेपवर वाचत जावं. खणाखणाला (दोन खांबांमधल्या प्रत्येक भागाला) नव्यानं शून्य धरलं आणि दर वेळी एकाच बाजूला एक सेंमी चुकलं, तर बारा खणांत नकाशा १२ सेंमी सरकतो. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्याच. या खोल्या काटकोनात नसतात आणि कर्ण नसला की १:५० चा नकाशा काढताना शेवटची भिंत जुळत नाही. मातीच्या भिंतीची जाडी जोत्यापाशी वेगळी, वर वेगळी. दोन्हीकडे मोजा.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, खाली तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून मधोमध दोरी आणि तुळईतला फरक मिलिमीटरमध्ये लिहा, म्हणजे तुळई किती वाकली ते कळतं. जुनी माती न काढता दरवर्षी वर नवी टाकत गेल्यानं वजन वाढत जातं: २० सेंमी थर म्हणजे चौरस मीटरला साधारण ३०० किलो. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं हातोडीच्या लाकडी मुठीनं ठोका. आवाज पोकळ आला तर लाकूड आतून पोखरलेलं आहे, बहुधा उधईनं. माडीवर चालायचं ते तुळईच्या रेषेवरूनच. ओल कुठं येते हे मात्र श्रावणात पुन्हा येऊन पाहावं लागतं, विशेषतः जिथं मातीवर सिमेंटचा गिलावा चढवलाय. त्यात ओल कोंडते आणि गिलावा पोपडा होऊन माती घेऊनच उतरतो.

आता काळ. गणेशपट्टीवर (दाराच्या वरच्या आडव्या पट्टीवर) आकडे असतील तर ऑइलपेंट खरवडू नका. संध्याकाळी टॉर्च जवळजवळ भिंतीला टेकवून तिरपा मारा, कोरीव खाच सावलीत उठून दिसते. शके १७९५ आणि संवत १९३० दोन्ही म्हणजे १८७३, त्यामुळे कुठला सन आहे हे न पाहता ७८ मिळवू नका. मंगलोरी कवेलूंवरून (छपराच्या कौलांवरून) वाड्याचं वय काढणं ही नेहमीची चूक. मंगळूरला पहिला कारखाना १८६५ चा. कवेलू फार तर छप्पर कधी बदललं ते सांगतात. गर्डरवर टाटाचा शिक्का असेल तर तो भाग १९१२ च्या आधीचा नाही.

मालकाचा शोध घेताना पहिला प्रश्न: गाव नागपूर-वर्धा-भंडारा-चांद्याकडचं की वऱ्हाडातलं? मालगुजारी नागपूरकडची. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामात) तिथल्या पाटलांना मालकी हक्क मिळाले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांकडे असला तरी तिथं रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, म्हणून अकोल्याच्या गढीत राहणाऱ्या देशमुखाला मालगुजार म्हणून शोधत बसलात तर कागदच सापडणार नाही. नागपूरकडे बंदोबस्त मिसल (त्या बंदोबस्ताची फाईल) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या हक्क-रिवाजांची नोंद) पाहा. जुने खासगी कागद मोडीत असतात. वाचणारा आधी गाठा. वऱ्हाडातल्या निजामी कागदावर फसली सन (महसुली वर्ष) असेल तर ५९० मिळवा.

नावांत तर हमखास घोटाळा. आजोबाचं नाव नातवाला, त्यामुळे ‘गणपत वल्द लक्ष्मण’ (लक्ष्मणचा मुलगा गणपत) आणि ‘लक्ष्मण वल्द गणपत’ आळीपाळीनं येतात आणि तीन पिढ्यांचा पराक्रम एकाच रावबहादुराच्या नावावर जमा होतो. दत्तक असेल तर बापाचं नावच बदलतं. म्हणून प्रत्येक नावापुढे कागदाचं साल लिहा.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, पण वाडा घराण्याकडेच राहिला. त्यानंतरच्या वाटण्यांत चौकात भिंती उभ्या राहिल्या. नकाशात त्या वेगळ्या रंगानं दाखवा, आणि कुठल्या खोलीत धान्याची कोठी होती, कुठली बाळंतिणीची होती, हे घरातल्या म्हाताऱ्या सुनेला विचारा. पुरुषांना बहुधा फक्त बैठक आठवते.