जुना ईपीएबीएक्स बदलताना

आमच्या ऑफिसचा ईपीएबीएक्स (आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनना जोडणारं एक्स्चेंज) बंद पडलेला नव्हता, खरी पंचाईत तीच होती. चालणारी वस्तू बदलायला मंजुरी मिळत नाही. पण आतले फोन जोडायच्या एक्स्टेन्शन कार्डात एकही पोर्ट उरलं नव्हतं, त्या मॉडेलची कार्डं बाजारातून गायब झाली होती आणि नवीन माणूस रुजू झाला की शेजारच्याच्या लाइनला पॅरलल जोडून वेळ मारून नेली जायची. शेवटी वरच्यांचाच एक महत्त्वाचा कॉल असा दोघांनी एकदम उचलला आणि फाइल हलली.

कोटेशन देणारे सगळे एकच सांगत होते: सगळं आयपीवर टाका, म्हणजे फोन कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालवा. मी म्हटलं, आधी आहे काय ते तरी बघू. सगळ्या फोनच्या तारा जिथे येऊन जोडल्या जातात त्या टॅग ब्लॉकवरची लेबलं कधीच पुसली गेली होती. मग टेस्टिंगचा फोन घेऊन एकेका पेअरला (तारांच्या जोडीला) क्लिपा लावायच्या, माझ्या टेबलावरच्या डिस्प्लेवाल्या फोनला रिंग द्यायची आणि दिसेल तो नंबर वहीत उतरवायचा. कंटाळवाणं काम, पण सगळा प्रकल्प त्या वहीवरच उभा राहिला. बरीच पोर्टं अशा टेबलांची निघाली जी आता ऑफिसात नव्हतीच. आणि कुणाच्याच यादीत नसलेले फोन सापडले: लिफ्टमधला, जनरेटर रूममधला, गेटवरच्या केबिनमधला.

याच फोनांनी ‘सगळं आयपी’ला खीळ घातली. साध्या फोनला वीज एक्स्चेंजकडूनच, त्याच दोन तारांवर मिळते. एक्स्चेंजला बॅटरी असली की वीज गेली तरी तो चालतो. आयपी फोनला नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच लागतो आणि तो स्विच यूपीएसवर नसेल तर अंधारात फोनही मुका. शिवाय नेटवर्क केबलची मर्यादा 100 मीटर. गेट त्याच्या पलीकडे, जुनी पेअर मात्र तिथवर आरामात पोचत होती. म्हणून आम्ही टेबलांवर आयपी फोन घेतले आणि असे कडेचे फोन गेटवे (साधा फोन आयपीला जोडणारं यंत्र) लावून जुन्या तारांवरच ठेवले. कोटेशन देणाऱ्यांना हे फारसं आवडलं नाही.

बँडविड्थची धास्ती मात्र फुकटची होती. जी.711 या कोडेकवर (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीवर) एका कॉलला प्रत्येक दिशेने हेडरसकट (प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्यासकट) साधारण 87 केबीपीएस लागतात. एकाच वेळी 30 कॉल चालले तरी पावणेतीन एमबीपीएसच्या आतच. त्रास होतो तो मोठ्या फाइली मध्ये घुसून आवाज तुटण्याचा. त्यासाठी आवाजाचा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क) वेगळा केला, प्राधान्य लावलं, विषय संपला.

डोकं खाल्लं ते एकतर्फी आवाजाने. समोरच्याला आमचं ऐकू जायचं, आम्हाला त्याचं नाही, तेही फक्त बाहेरच्या कॉलवर. फोनवाले म्हणाले नेटवर्क बघा, नेटवर्कवाले म्हणाले फोन बघा. अखेर दोघांना एका खोलीत बसवून पॅकेट कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाची नोंद, घेतलं. राउटरमधलं सिप एएलजी (आयपी कॉल जोडणाऱ्या सिप संदेशांत ढवळाढवळ करणारी सोय) पत्त्यांची नको तिथे अदलाबदल करत होतं. एक टिकमार्क काढला, आवाज आला. ही सेटिंग मदतीसाठी असते म्हणे!

वाद रंगला तो आयव्हीआरवर. मॅनेजमेंटला ‘एक दाबा, दोन दाबा’ हवं होतं. ऑपरेटर मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘‘नेहमीचे लोक कुणाकडे काम आहे ते सांगतच नाहीत, मी आवाजावरून जोडून देते. ते मशीन ओळखणार आहे का?’’ शेवटी ठरलं की ऑफिसच्या वेळेत पहिली रिंग त्यांच्याकडे, त्यांनी उचलला नाही तरच रेकॉर्डिंग. एक्स्टेन्शन नंबरही जुनेच ठेवले, त्यामुळे शिफ्टिंगच्या दिवशी अपेक्षेपेक्षा फारच कमी आरडाओरडा झाला.

नव्या फोनांचा सर्व्हर सुरू केल्यावर लॉग पाहिला तर बाहेरून कुणीतरी 100, 101, 102 असे एक्स्टेन्शन ओळीने ठोठावत होतं. पासवर्ड सापडला की रात्रभर परदेशी कॉल आणि बिल आपल्या नावावर. तेव्हाच सर्व्हरचं 5060 पोर्ट (सिपचे कॉल येण्याचं दार) ठरावीक पत्त्यांपुरतं मर्यादित केलं, पासवर्ड लांबलचक ठेवले आणि आयएसडी सगळीकडून बंद केलं. ज्यांना खरंच लागतं त्यांना अर्ज करून पिन.

शेवटचं बिल मी अडवून धरलं होतं. अ‍ॅडमिन पासवर्ड, कॉन्फिगरेशनचा बॅकअप आणि नवा पेअर चार्ट हातात आल्यावरच सही केली.