चाळकेवाडीच्या पठारावर सव्वादोन किलोमीटरची सूर्यमाला

जमिनीवर मांडलेली सूर्यमालेची प्रतिकृती दुपारी पायी चालायची आणि अंधार पडला की तेच ग्रह दुर्बिणीतून बघायचे, अशी ही एका रात्रीची सहल. तारीख होती १७ जानेवारी २०२६, शनिवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या, त्यामुळे चंद्राची अडचण नव्हती. साताऱ्यात समर्थ मंदिरापुढचा बोगदा ओलांडायचा, सज्जनगडाचा फाटा सोडून थोसेघरला जायचं आणि तिथून पुढे पवनचक्क्यांच्या पठारावर. अंतर तीसेक किलोमीटर, पण घाटामुळे सव्वा तास धरा. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या. रात्र वर काढायची असल्याने स्वतःचं वाहन हवंच.

कासला का नाही, असं बरेच जण विचारतात. कासचं पठार २०१२पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथल्या सड्यावर तिवया रोवत रात्री फिरणं बरं नाही. चाळकेवाडीला गावातून जाणारा रस्ता आहे, पठार मोकळं आहे आणि पश्चिम क्षितिज उघडं मिळतं. मात्र पवनचक्क्यांकडे जाणारे फाटे बहुतेक खासगी आहेत. गावात विचारूनच जागा ठरवा आणि गाड्या रस्ता अडणार नाही अशा लावा.

प्रतिकृती करताना बहुतेकांची गाडी चेंडूपाशीच अडते. सूर्य म्हणून फुटबॉल घेतला की पुढचं सगळं त्याच्यामागे फरफटत जातं. आधी रस्ता किती लांब मिळतोय ते बघा, मग प्रमाण ठरवा. इथे १ मीटरला २० लाख किलोमीटर हे प्रमाण बसतं, कारण त्यात नेपच्यून २,२५० मीटरवर येतो आणि मुलं जाऊन-येऊन चालू शकतात.

या प्रमाणात सूर्याचा व्यास ७० सेंटीमीटर. बाजारातली कार्डशीट २२ बाय २८ इंचांची असते, तिच्यात हे वर्तुळ मावत नाही, म्हणून दोन जोडाव्या लागतात. बुध २.४ मिलीमीटर, म्हणजे बाजरीचा दाणा, २९ मीटरवर. शुक्र आणि पृथ्वी दोन्ही सहा मिलीमीटरच्या आसपास: सुके वाटाणे, ५४ आणि ७५ मीटरवर. मंगळाला ज्वारीचा बारीक दाणा, ११४ मीटरवर. गुरूला क्रिकेटचा चेंडू अगदी मापात बसतो (७.१ सेंटीमीटर), तो ३८९ मीटरवर. शनी ६ सेंटीमीटर, लहानसं संत्रं, ७१७ मीटरवर, त्याच्याभोवती १३.७ सेंटीमीटर बाहेरच्या व्यासाची पुठ्ठ्याची कडी. खऱ्या कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच आहे, त्यामुळे या प्रमाणात कुठलाही कागद जाडच ठरणार. युरेनस आणि नेपच्यून अडीच सेंटीमीटरच्या मोठ्या गोट्या, १,४३५ आणि २,२५० मीटरवर. चंद्रासाठी मोहरी, पृथ्वीच्या वाटाण्यापासून १९ सेंटीमीटरवर. संक्रांतीचे तीळ हाताशी होते, पण तीळ लांबट पडतो.

दाणे सुटे ठेवू नका. वारा, कुत्री आणि मुलं यांपैकी कोणीतरी ते नेतंच. दहा सेंटीमीटरच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवा आणि पुठ्ठा दगडाखाली दाबा. सूर्याची चकती बांबूला बांधून तीन बाजूंनी दोरीने ताणायची. जांभ्यात खुंटी शिरत नाही, तेव्हा खालूनच वाळूच्या तीन-चार पिशव्या भरून न्या. मंगळापर्यंतची अंतरं ३० मीटरच्या टेपने मोजा, कारण मोबाइलचा जीपीएस पाच मीटर सहज चुकतो आणि बुध-शुक्रात मोजून २५ मीटर आहेत. गुरूपासून पुढे जीपीएस चालेल. पण रस्ता वळतो. गाडीच्या किंवा सायकलच्या मीटरवर विसंबलात तर नेपच्यून हवा त्यापेक्षा जवळ पडेल. नकाशावर सूर्यापासून सरळ रेषेतलं अंतर मोजून खूण करा.

सूर्य पश्चिमेच्या टोकाला आणि नेपच्यून पूर्वेला, असंच मांडा. याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण साडेतीन वाजता कळतं. पृथ्वीच्या वाटाण्यापाशी उभं राहून ग्रहणाचा चष्मा (आयएसओ १२३१२-२ लिहिलेला, ओरखडे नसलेला) लावायचा, खरा सूर्य बघायचा, हात लांब करून करंगळीच्या नखाशी ताडायचा. नखाच्या साधारण अर्ध्या रुंदीत तो मावतो. मग मान खाली घालून चष्मा काढायचा आणि ७५ मीटरवरची चकती तशीच ताडायची. दोन्ही सारख्याच, अर्ध्या अंशाच्या. त्या वेळी खरा सूर्य तेहतीसेक अंश वर असतो, त्यामुळे चकतीकडे बघताना डोळ्यांत येत नाही. पाचनंतर हे करू नका, तेव्हा दोन्ही एकाच दिशेला जवळजवळ येतात.

दुसरं कारण दुर्बिणीचं. ८ इंची, १,२०० मिलीमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) पृथ्वीच्या जागी ठेवून पूर्वेकडे, गुरूच्या चेंडूवर लावायची. पाठीमागे सूर्य असल्याने नळीत ऊन शिरण्याचा धोका नाही. चेंडू ३१४ मीटरवर आहे, आणि गुरू नुकताच १० जानेवारीला प्रतियुतीत (पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला) येऊन गेल्यामुळे त्याचं खरं अंतरही प्रमाणात जवळपास तेवढंच होतं. म्हणजे १० मिलीमीटरच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) १२० पटीने चेंडू जेवढा दिसेल, तेवढाच रात्री गुरू दिसणार. फोकस आकाशापेक्षा चारपाच मिलीमीटर बाहेर लागतो. फोकसर आतच राहिला तर चेंडू पुसट दिसतो आणि दुर्बीण बिघडली असं वाटतं. चेंडू जमिनीवर ठेवलात तर तापलेल्या जांभ्यावरच्या हवेत तो वितळल्यासारखा हलतो. दीड मीटर उंच काठीवर बसवा आणि सव्वापाचच्या सुमारास बघा. रात्री गुरू बघून ‘एवढासाच?’ असं कोणी म्हणत नाही, ते या चेंडूमुळे.

चालताना वेगाकडेही लक्ष द्या. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला १५ सेंटीमीटर जातो. सूर्यापासून वाटाण्यापर्यंत त्याला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, नेपच्यूनपर्यंत चार तास दहा मिनिटं. साधं चालणारा माणूस त्याच्या सात-आठ पट वेगाने जातो. शनीनंतर गप्पा संपतात, पाणी संपतं आणि रस्ता काही संपत नाही, म्हणून माणशी एक लिटर पाणी ठेवा. नेपच्यूनवरून मागे वळून बघितलं तर सूर्याची चकती डोळ्यांच्या क्षमतेच्या काठावर असते. व्हॉयेजर १ हे यान या मांडणीत साडेबारा किलोमीटरच्या पलीकडे, आणि जवळचा तारा प्रॉक्झिमा २० हजार किलोमीटरवर. ग्रह असे एका रांगेत कधीच नसतात, हे मुलांना मुद्दाम सांगावं लागतं.

सूर्यावरचे डाग बघायचे तर सौर फिल्टर नळीच्या तोंडाशीच लावायचा, टेपने घट्ट, आणि फाइंडरवर (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर) झाकण. जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसमध्ये बसवायची काळी काच मिळते, ती फेकून द्या. उष्णतेने ती तडकते.

रात्रीचा क्रम मावळतीप्रमाणे ठरवा. घाटातल्या धक्क्यांनी आरसे हलतात, म्हणून उजेड असतानाच कॉलिमेशन (आरशांची जुळणी) करून घ्या आणि नळी पाऊण तास उघडी ठेवून थंड होऊ द्या. साडेसातला आधी शनी. त्या जानेवारीत त्याची कडी फारच अरुंद होती, बिंबाच्या दोन बाजूंना सुईसारखी रेघ. नऊनंतर तो खाली जातो आणि थरथरतो. त्याच्या जवळच नेपच्यून होता, १० बाय ५० द्विनेत्रीत दोघे एकाच चौकटीत, पण नकाशा नसेल तर तो ताऱ्यांत हरवतो. युरेनस कृत्तिकांच्या दक्षिणेला होता, तेजाने ५.७ प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका; २०० पटीने हिरवट-निळं बारीक बिंब दिसलं की ओळख पटते. गुरू नऊ ते साडेदहाच्या दरम्यान बघा. मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि तिथे डॉब्सोनियन आडवी फिरवणं जिकिरीचं होतं.

वाऱ्याला तोंड देत दुर्बीण लावू नका, गाडीच्या आडोशाला ठेवा. दव पडलं तर आरसा पुसायचा नाही. नळीच्या तोंडाला काळ्या फोमची गुंडाळी आधीच लावा. बॅटरीला लाल जिलेटिन दुहेरी. या भागात गवे फिरतात, एकट्याने अंधारात लांब जाऊ नका.

जानेवारीत बुध, शुक्र आणि मंगळ तिघेही सूर्याच्या पलीकडे होते. मांडणीत सांगायचं तर ज्वारीचा दाणा वाटाण्यापासून १८० मीटरवर गेला होता. पुढच्या खेपेला ६ फेब्रुवारी २०२७ धरा: शनिवार आणि अमावास्या दोन्ही. संध्याकाळी सातच्या सुमारास पश्चिमेला बुध, मग शनी आणि नेपच्यून, वर युरेनस, आठनंतर पूर्वेला सिंह राशीत मघाच्या आसपास गुरू आणि मंगळ, आणि पहाटे शुक्र. मंगळ १९ फेब्रुवारीला प्रतियुतीत असेल, तेव्हा ज्वारीचा दाणा वाटाण्यापासून ५१ मीटरवर मांडा. त्याचं बिंब तरीही १४ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आतच राहणार, म्हणून ६ मिलीमीटरचा आयपीस सोबत घ्या आणि तो मध्यरात्रीच्या आसपास बराच वर आला की बघा.