आमची वाटचाल: भिंग, रुई आणि वेताळ टेकडी

शहरातल्या मुलांना टेकडीवर नेऊन निसर्ग शिकवायचा आणि त्यावर घर चालवायचं, हे सर नसते तर मला सुचलंही नसतं. ते वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मी नुकताच नोकरी सोडलेला. भांडवल म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी भिंगं, पांढरे एनॅमलचे ट्रे आणि किडा न दुखवता उचलायला मऊ ब्रश. भिंग डोळ्याशी धरायचं आणि पान जवळ आणायचं, उलटं नाही, हे सर प्रत्येक तुकडीला स्वतः करून दाखवत. भिंग स्वस्तातलं घेऊ नये. कडेला रंग फाटतात आणि मुलं दोन मिनिटांत कंटाळतात.

चौथीच्या परिसर अभ्यासात फुलपाखराचा जीवनक्रम असतो, मुलांना तो घडाघडा येतो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रुईचं पान उलटलं की त्याच मुलांची बोलती बंद होते. टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, पांढुरकं, प्लेन टायगर फुलपाखराचं अंडं. शेजारच्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी. रुईच्या चिकातलं विष तिच्या अंगात साठतं म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत, हे कळल्यावर मुलं तिच्याकडे आदराने बघतात.

बरी चाललेली वर्षं सांगत बसत नाही. घाव बसला तो आमच्याकडेच तयार झालेल्या एका मुलाकडून. त्याने आमची कृतिपुस्तिका चित्रांसकट स्वतःच्या नावावर छापली आणि शाळांना निम्म्या दरात रिसॉर्ट, रेन डान्स, जेवण आणि मध्ये अर्धा तास 'नेचर ट्रेल' विकायला सुरुवात केली. पन्नास मुलांमागे एक माणूस! संस्थाचालकांना आकडा आवडला, एकामागून एक शाळा गेल्या. दराचं मी समजू शकतो. पण पुस्तिकेतलं उंबराचं चित्र, आतल्या बारीक फुलांसकट आणि त्यांचं परागण करणाऱ्या इवल्या गांधीलमाशीसकट, सरांनी हाताने काढलं होतं. ते अजून सलतं.

त्यात मार्च २०२० मध्ये शाळाच बंद झाल्या. भाडं थकलं, ट्रे विकायला काढले. तेव्हा पेठेतल्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. पहिल्या वर्षापासून त्या आमच्याबरोबर. कॅनव्हासचे बूट घालून मुलांच्या मागून टेकडी चढणाऱ्या, स्वस्तातला प्रस्ताव आला तेव्हा संस्थेच्या बैठकीत आमच्यासाठी भांडलेल्या. म्हणाल्या, "टेकडी बंद असली तरी कढीपत्त्याची कुंडी घराघरात आहे ना?"

झालं! मुलं मोबाइलसमोर कुंड्या घेऊन बसली. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी कितीतरी गॅलऱ्यांत सापडली. मोठी होऊन हिरवी झालेली अळी डिवचली की डोक्यामागून लाल, दुभंगलेलं, उग्र वासाचं शिंग बाहेर काढते, ते पाहायला आजी-आजोबासुद्धा कॅमेऱ्यात डोकवायचे. त्या वर्गांच्या शुल्कावर आम्ही तरलो. ट्रे आजही आमच्याकडेच आहेत.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो, एका माणसामागे पंधराच्या वर मुलं घेऊ नका आणि किड्याचं नाव आधी सांगू नका. नाव कळलं की मूल बघायचं थांबतं. पालकांनो, कढीपत्त्यावर अळी दिसली तर फवारणी करू नका, चार पानं तिला खाऊ द्या. आणि शाळांनो, मृगाचा लाल मखमली किडा दाखवायचा असेल तर तारखा एप्रिलमध्येच ठरवा. पहिल्या पावसानंतर तो थोडेच दिवस वर दिसतो, आणि त्या आठवड्यांतल्या पहिल्या तारखा बाईंच्या शाळेसाठी राखलेल्या असतात.