रडार आपलं, मग विमान परकं का?

विमानांवर बोलायला कुठेही गेलो की शेवटी एक हात वर होतोच. "सर, 'नेत्र'चं, म्हणजे आपल्या हवाई दलाच्या उडत्या रडार-विमानाचं, रडार डीआरडीओचं ना? मग ते ब्राझीलच्या विमानावर का? आणि आता म्हणे एअर इंडियाची जुनी विमानं!" शेवटच्या वाक्याला हमखास हशा. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

जमिनीवरच्या रडारला पृथ्वीची गोलाई आडवी येते. तेच 9 किलोमीटर उंचीवर न्या, क्षितिज 390 किलोमीटरवर सरकतं. पण वर एकटी अँटेना जात नाही. तिला वीज लागते, त्यातून निघणारी उष्णता कुठेतरी सोडावी लागते, आणि पडद्यांसमोर माणसं तासन्‌तास बसवावी लागतात.

ब्रिटिशांनी इथेच मार खाल्ला. त्यांचं निमरॉड हे असंच उडतं रडार, 1949 साली पहिल्यांदा उडालेल्या कॉमेट या प्रवासी विमानाचा वंशज. एक अँटेना नाकात, एक शेपटीत, कल्पना देखणी. पण आत जागेची मारामार, आणि रडारची उष्णता मुरवायची टाक्यांतल्या इंधनात! म्हणजे इंधन संपत आलं की रडार गार करणार कशानं? डिसेंबर 1986 मध्ये सगळं गुंडाळून त्यांनी बोइंग 707 वर बेतलेलं अमेरिकी रडार-विमान ई-3 घेतलं.

आपला अनुभव याहून कडू. पाठीवर रडारची तबकडी बसवलेलं आपलं चाचणीचं अ‍ॅव्हरो विमान 11 जानेवारी 1999 ला अरक्कोणमजवळ कोसळलं. आठ जण गेले, त्यांत शास्त्रज्ञही होते. त्यामुळे त्या हशात मला सामील होता येत नाही.

'नेत्र'च्या ब्राझिली एम्ब्रेअर विमानावर तबकडी नाही, पाठीवर लांब फळी आहे. तिच्या दोन्ही अंगांना अँटेना, मिळून 240 अंश दिसतं. नाकासमोर आणि शेपटीमागे आंधळं. म्हणून ते सरहद्दीला समांतर घिरट्या घालतं. विमान लहान, इंधन कमी, म्हणून हवेत इंधन घेण्याची सोय केली. पण नळीतून इंधन येतं, ताज्या दमाचा माणूस येत नाही.

एअर इंडियाच्या त्या जुन्या, मोठ्या ए-321 मध्ये पाळी बदलायला माणसं नेता येतात, नाकातही अँटेना बसवता येते. राहिलं जुनेपण. प्रवासी विमान थकतं ते वर्षांपेक्षा चढ-उतारांनी, दर फेरीला केबिनमधला हवेचा दाब वाढून-उतरून. टेहळणीत एकदा वर गेलं की कित्येक तास वरच. शिवाय हे विमान उघडून बघितलेले मेकॅनिक मुंबईतसुद्धा हवे तितके मिळतील. अशी सहा विमानं घेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

यावर कुणीतरी विचारतंच, "आणि 'विक्रांत'वर?" तिथे विमान फेकणारं कॅटापल्ट नाही, त्यामुळे जहाजावरून उडणारं अमेरिकी रडार-विमान हॉकआय बाद. तिथे कामोव्ह-31 हेलिकॉप्टर, गोव्याच्या हंसा तळावरचं. त्याची अँटेना पोटाखाली उलगडून गोल फिरते, आणि तिच्या आड येऊ नयेत म्हणून चाकं वर ओढून घेतात. आत माणसं दोनच.